दोन कर्जतांचा तास

मोबाइलवरच्या कोणत्याही चॅटबॉटला मराठीत एवढंच सांगा : "कर्जत तालुक्याची माहिती दे. नद्या, पिकं, प्राणी, प्रेक्षणीय स्थळं." जिल्ह्याचं नाव मुद्दाम घालू नका. उत्तर येईल ते स्वच्छ मराठीत, मुद्देसूद आणि ठाम. ते नीट वाचा. उल्हास नदी आणि कोंढाणे लेणी यांच्या शेजारी रेहेकुरीची काळविटं किंवा राशीनचं देवीचं देऊळ आलेलं दिसलं, तर थांबा. काळविटं खरी आहेत आणि राशीनचं देऊळही खरं आहे, पण दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतमधली. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत आणि यंत्राला त्यांतलं आपलं कोणतं, हे आपण सांगितल्याशिवाय कळण्याची खात्री नसते. कधी ते एकच कर्जत निवडतं, कधी दोन्ही एकत्र कालवतं. एखाद्या वेळी उलट प्रश्नही विचारतं, आणि तेव्हा त्याचं कौतुक करायला हरकत नाही.

खालापूरचंही तसंच. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने "खालापूरवर झालेलं संशोधन सांग" म्हटलं, की १९६६ सालचं 'द राजपूत्स ऑफ खालापूर' हे मिन्टर्न आणि हिचकॉक यांचं पुस्तक समोर येऊ शकतं. पुस्तक, लेखक, वर्ष सगळं खरं आहे. मात्र ते खालापूर उत्तर प्रदेशातलं आहे. पाताळगंगेच्या काठच्या आपल्या तालुक्याशी त्याचा काही संबंध नाही. संदर्भसूचीत हे पुस्तक घालून प्रकल्प सादर करणाऱ्या विद्यार्थ्याने खोटं लिहिलेलं नसतं. त्याने फक्त पुस्तक उघडून पाहिलेलं नसतं.

कर्जत-खालापुरातल्या महाविद्यालयांचे ग्रंथपाल आणि प्राध्यापक यांच्यासाठी हा लेख आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साक्षरता शिकवायची, तर ती इथूनच शिकवायला घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. ज्या विषयाचं उत्तर विद्यार्थ्याला स्वतःला तपासता येतं, तिथे त्याला आधी उभं करा. नेरळच्या मुलीला नेरळ माहीत आहे, खोपोलीच्या मुलाला खोपोली. यंत्र चुकतं ते कसं चुकतं, हे तिथे तिला आणि त्याला आपोआप दिसतं. एकदा ते दिसलं, की क्वांटम भौतिकी किंवा जीएसटीबद्दलचं उत्तर वाचतानाही डोळा सावध राहतो. उलट बाजूने गेलं, म्हणजे व्याख्या, इतिहास, प्रकार, फायदे-तोटे अशा स्लाइड दाखवत गेलं, तर मुलं ते लिहून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

ग्रंथालयातच का

आपल्या भागात एआयचं नाव नवं नाही. कर्जत तालुक्यात युनिव्हर्सल एआय युनिव्हर्सिटी आहे. देशातलं पहिलं एआय विद्यापीठ अशी तिची बातमी २०२३ मध्ये देशभर झाली होती. जामरुंगला विजयभूमी विद्यापीठ आहे. पण कर्जत-खालापुरातली बहुतेक मुलंमुली शिकतात ती कोकण ज्ञानपीठाच्या महाविद्यालयांत, खोपोलीच्या के. एम. सी. कॉलेजात आणि अशाच संलग्न महाविद्यालयांत. कशेळे, कडाव, चौक, मोहोपाड्याकडून एसटीने, सहाआसनीने, खोपोली लोकलने येणारी ही मुलं. त्यांच्या हातात फोन आहे, फोनमध्ये चॅटबॉट आहे आणि तो कसा वापरायचा हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. ती एकमेकांकडून शिकतात, आणि त्यात पहिल्यांदा शिकली जाते ती प्रकल्प उतरवून काढण्याची युक्ती.

संगणकशास्त्राचा विभाग हे शिकवेल, असं म्हणून बाकीचे विभाग मोकळे होतात. माझ्या मते इथेच घोटाळा होतो. संगणकशास्त्र यंत्र बनवायला शिकवतं. आलेलं उत्तर खरं की खोटं, ते कुठून आलं, कोणत्या साली लिहिलं, कोणी लिहिलं, हे प्रश्न विचारायची सवय मात्र ग्रंथपालाची. "सर, भाताच्या रोगांवर काही आहे का?" असं विचारत आलेल्या मुलाला चांगला ग्रंथपाल लगेच कपाट दाखवत नाही. कोणता रोग, कशासाठी हवं, किती पानं लिहायची आहेत, मराठीत की इंग्रजीत, हे तो आधी विचारतो. चॅटबॉटला नीट प्रश्न विचारणं म्हणजे हीच उलटतपासणी विद्यार्थ्याने स्वतःची स्वतः करणं. शिवाय ग्रंथालयात कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखांची मुलं येतात. एका विभागाकडे दिलेली गोष्ट त्या विभागापुरतीच राहते.

जगातही हा विचार याच दिशेने चालला आहे. युनेस्कोने सप्टेंबर २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एआय क्षमतांची चौकट जाहीर केली. तिच्या चार अंगांत तंत्र हे एक अंग आणि यंत्ररचना हे दुसरं. माणूस केंद्रस्थानी ठेवण्याची दृष्टी आणि नीतिविचार ही उरलेली दोन. म्हणजे निम्मी चौकट संगणकाच्या प्रयोगशाळेबाहेरची आहे.

पहिला तास कागदावर घ्या

इंटरनेट, प्रोजेक्टर, वीस संगणक असं सगळं जमून येईपर्यंत थांबू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. ग्रंथपालाने आदल्या दिवशी दोन-तीन चॅटबॉटना तोच प्रश्न विचारावा, उत्तरं छापून घ्यावीत आणि झेरॉक्स काढाव्यात. कागदावर तारीख, साधनाचं नाव आणि विचारलेला प्रश्न शब्दशः लिहावा, कारण तोच प्रश्न उद्या विचारला तर वेगळं उत्तर येऊ शकतं, आणि ही गोष्टसुद्धा मुलांना दाखवायचीच आहे.

चार-चार जणांचे गट करा. गटात वेगवेगळ्या गावांची मुलं असतील असं बघा. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. जे वाक्य खात्रीने खरं आहे त्याखाली सरळ रेघ, जे खात्रीने चूक आहे त्यावर फुली आणि जे कोणालाच माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह. पंधरा-वीस मिनिटांत कागद भरतो. मग प्रश्नचिन्हांकडे वळा, कारण खरा तास तिथे आहे. फुली मारणं सोपं असतं. "हे मला माहीत नाही, आणि वाक्य इतकं छान आहे की मी ते खरं धरून चाललो होतो", हे विद्यार्थ्याने गटात बोलून दाखवलं, की तास लागू पडला म्हणायचं. यानंतर प्रत्येक गटाने दोन प्रश्नचिन्हं निवडावीत आणि ग्रंथालयातल्या छापील साधनांतून त्यांचा निकाल लावावा. तालुक्याचा नकाशा, जिल्हा गॅझेटिअर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, मराठी विश्वकोश यांपैकी जे हाताशी असेल ते टेबलावर काढून ठेवा. विश्वकोश आता संकेतस्थळावरही वाचता येतो.

गॅझेटिअरचा एक पेच आहे आणि तो शिकवायला फार उपयोगी पडतो. १८८३ चा कुलाबा जिल्ह्याचा इंग्रजी खंड काढून मुलांना त्यात कर्जत तालुका शोधायला सांगा. तालुका म्हणून तो तिथे सापडणार नाही. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा कर्जतचाच पेटा होता. म्हणून आपली माहिती १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या खंडांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तालुका कुलाब्याला जोडला गेला आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचं नाव रायगड झालं. आता हाच प्रश्न चॅटबॉटला विचारा : "एकोणिसाव्या शतकातल्या रायगड जिल्ह्यातल्या कर्जतची माहिती कुठे मिळेल?" प्रश्नातच एक चूक दडलेली आहे, तेव्हा रायगड नावाचा जिल्हाच नव्हता. यंत्र ती चूक दाखवतं, की प्रश्न जसाच्या तसा गिळून पुढे बोलतं? चुकीच्या गृहीतकावर उभा केलेला प्रश्न यंत्र बऱ्याचदा गुमान मान्य करतं, कारण विचारणाऱ्याच्या कलाने बोलण्याकडे त्याचा ओढा असतो. शहाणा शिक्षक आधी प्रश्न दुरुस्त करतो. यंत्राकडून ही अपेक्षा धरायची की नाही, हे मुलांनी स्वतः पाहून ठरवू द्या.

भाई कोतवालांचा शोध

दुसरा तास हुतात्मा भाई कोतवालांवर घ्यावा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला झाला. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारी वीज तोडली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. कर्जत तालुक्यातल्या मुलांना हा इतिहास शाळेपासून ऐकून माहीत असतो. त्यामुळे यंत्राच्या उत्तरात सिद्धगड कर्जत तालुक्यात ढकललेला असला, तर तो मुरबाडमध्ये आहे हे कोणीतरी सांगतंच. हिराजी पाटलांचं नाव गाळलं गेलं, तर ते विचारणाराही वर्गात निघतो.

पण इथे शिकवायचं आहे ते जास्त बारीक. २०२० मध्ये भाई कोतवालांवर मराठी चित्रपट आला. चित्रपटात प्रसंग रचावे लागतात, संवाद लिहावे लागतात. चित्रपटाची परीक्षणं, त्यावरचे लेख, वर्धापनदिनाची भाषणं, वर्तमानपत्री पुरवण्या असं सगळं यंत्राच्या पोटात एकाच मापाने जातं. ते बाहेर काढताना कागदपत्रातली घटना आणि पडद्यावरची घटना वेगळी राहील याची हमी नाही. म्हणून मुलांना तीन रकाने आखायला सांगा. पहिल्यात यंत्राचं विधान, दुसऱ्यात त्याला आधार देणारा कागद आणि तिसऱ्यात तो कागद कोणी, केव्हा, कशासाठी लिहिला. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर ते विधान प्रकल्पात घ्यायचं नाही. गावातल्या वयस्कर माणसाने सांगितलेली आठवण घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण तिसऱ्या रकान्यात "आठवण" असं स्पष्ट लिहून.

याच तासाला खोट्या संदर्भांचा विषय येतो. "भाई कोतवालांवरची पाच पुस्तकं आणि तीन शोधनिबंध सांग, लेखक, प्रकाशक, वर्ष यांसह" असं विचारा. आलेली यादी कोणी वाचून दाखवू नये, थेट शोधायला बसावं. पुस्तक असेल तर आपल्या ग्रंथालयाची तालिका, मग मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची. प्रबंध असेल तर शोधगंगा. निबंध असेल तर त्या नियतकालिकाचं संकेतस्थळ, तो अंक, ते पान. नाव सापडलं की काम संपलं असं नाही. खालापूरच्या पुस्तकाचा धडा इथे परत आठवून द्या : पुस्तक उघडून निदान अनुक्रमणिका वाचायची. न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ मध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या कचेरीला न्यायालयाने मिळून पाच हजार डॉलर दंड केला, कारण त्यांनी दाखल केलेल्या कागदात चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले होते. शिकलेसवरलेले वकील फसले, हे ऐकल्यावर एफवायच्या मुलालाही आपल्या फसण्याची लाज वाटत नाही आणि तो मोकळेपणाने आपली यादी पुढे करतो.

यंत्र संदर्भ का रचतं, हे याच ठिकाणी सांगावं. पहिल्या तासाला सांगितलं तर ते पुस्तकी वाटतं. भाषेचं हे प्रारूप प्रचंड मजकुरावरून एवढंच शिकलेलं असतं, की या तुकड्यानंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त. मराठी आडनाव, मग पुस्तकासारखं वाटणारं शीर्षक, मग पुण्याचा एखादा प्रकाशक, मग साल. साचा बरोबर जमतो, पुस्तक असेलच असं नाही. काही साधनं आता इंटरनेटवर शोधून दुवेही देतात. ती बरी, पण दुवा दिला म्हणजे त्या पानावर तेच लिहिलं आहे असं होत नाही. दुवा उघडायचा, वाचायचा आणि ते कर्जत आपलंच आहे ना हे पाहायचं.

मराठीची अडचण वेगळी समजावून सांगायला हवी. या यंत्रांच्या शिकवणीत इंग्रजी मजकूर अफाट आणि मराठी त्या मानाने थोडा असतो. देवनागरी शब्दाचे तुकडेही सहसा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला यंत्राची मर्यादा लवकर भरते. त्यात आपलं बरंच जुनं मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे अनेक शासकीय कागद, पतपेढ्यांचे अहवाल, स्मरणिका श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आहेत. अशी पीडीएफ चॅटबॉटला दिली, तर डोळ्यांना मराठी दिसते आणि यंत्राला भलतीच अक्षरं मिळतात. तरीही ते सारांश देऊन मोकळं होऊ शकतं. मुलांना एक सोपी परीक्षा शिकवा. पीडीएफमधली एक ओळ उचलून मोबाइलच्या साध्या नोटमध्ये चिकटवा. ती वाचता आली तर पुढे जा, नाहीतर तो सारांश फेकून द्या. ग्रंथालयाने आपल्याकडच्या स्थानिक कागदांवर "युनिकोड आहे" किंवा "नाही" अशी खूण करून ठेवली, तर पुढच्या तुकड्यांचा किती वेळ वाचेल!

भात, औषध आणि घरची शेती

विज्ञान शाखेच्या मुलांसाठी हाच अभ्यास भातावर घ्यावा, आणि तो घेताना एक गोष्ट विसरू नये. यातली पुष्कळ मुलं घरी जाऊन वडिलांना, काकांना फोनवरून सल्ला वाचून दाखवतात. कॉलेजात शिकणारा मुलगा सांगतो म्हणून घरातले ऐकतात. इथे चुकीच्या उत्तराची किंमत शेतात मोजावी लागते.

कर्जतला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ अशी वाणं आपल्या तालुक्याचं नाव घेऊन राज्यभर पेरली जातात. चॅटबॉटला विचारा, यातलं प्रत्येक वाण हळवं की निमगरवं, आणि किती दिवसांत तयार होतं. उत्तर विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीशी किंवा संशोधन केंद्राच्या पत्रकाशी ताडून बघा. "एसआरटी पद्धतीने लागवड कशी करायची?" हेही विचारा. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली ही भातपद्धत आहे : गादीवाफे, नांगरणी-चिखलणी नाही, साच्याने भोकं पाडून टोकणणी. एसआरटी ही आद्याक्षरं जगात इतर कितीतरी गोष्टींसाठी वापरली जातात, तेव्हा यंत्राला संदर्भ दिला तर काय येतं आणि न देता काय येतं, दोन्ही कागदावर मांडा. चांगल्या प्रश्नाचं महत्त्व समजावायला याहून सोयीचं उदाहरण मला तरी सुचत नाही.

औषधाचं प्रमाण मात्र चॅटबॉटकडून कधीही घ्यायचं नाही, हे वर्गात अगदी निक्षून सांगा. करपा की कडा करपा हे फोटोवरून ओळखायचा प्रयत्न करून बघायला हरकत नाही, पण फवारणीचं औषध, मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस बाटलीवरच्या लेबलवरून, कृषी सहायकाकडून किंवा केंद्रातूनच घ्यायचे. माणसांच्या औषधांनाही हेच लागू.

अभ्यासक्रमात जागा कुठे

एक दिवसाची कार्यशाळा, फोटो, प्रमाणपत्र आणि नॅकच्या अहवालात एक ओळ, यावर समाधान मानू नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी रचना आली, तिच्यात कौशल्यवर्धन, मूल्यशिक्षण, खुले वैकल्पिक विषय, क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग अशी दोन-दोन श्रेयांकांची दालनं आहेत. दोन श्रेयांक म्हणजे लेखी विषय असेल तर साधारण तीस तास आणि प्रात्यक्षिक असेल तर साठ. विद्यापीठाच्या मान्य यादीत बसणारा विषय मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर आहे त्या विषयांत शिरा. क्षेत्रीय प्रकल्प प्रत्येकाला करावाच लागतो, तर त्याच्या आधी ग्रंथालयातले सहा तास सक्तीचे करा. यासाठी प्राचार्यांची सही पुरते, अभ्यासमंडळाची वाट पाहावी लागत नाही. तासाला ग्रंथपाल आणि त्या विषयाचे प्राध्यापक दोघेही वर्गात हवेत. ग्रंथपाल शोध शिकवेल, पण भाताच्या वाणाबद्दलचं उत्तर चूक आहे हे वनस्पतिशास्त्राचे सरच सांगू शकतात.

गुण कशाला द्यायचे, याचा निर्णय आधीच करा आणि मुलांना लेखी द्या. अंतिम निबंधाला थोडे, कामाच्या वहीला जास्त. वहीत कोणतं साधन वापरलं, काय विचारलं, काय आलं, त्यातलं काय टाकलं आणि का टाकलं, हे विद्यार्थ्याच्या अक्षरात. शेवटी पाच मिनिटांची तोंडी परीक्षा. "हे वाक्य तू का ठेवलंस?" एवढा एक प्रश्न विचारला तरी काम कोणी केलं ते समजतं. एआयने लिहिलेला मजकूर पकडून देण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर मुलांचे गुण टांगू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीत साम्याच्या टक्केवारीचे टप्पे आहेत, पण ते दुसऱ्याच्या मजकुराशी जुळण्याबद्दल आहेत. यंत्राने नव्याने जुळवलेलं वाक्य त्यात अडकेलच असं नाही, आणि स्वतः कष्टाने लिहिलेल्या मुलीला एखाद्या साधनाने "हे एआयचं" म्हणावं, याहून मोठा अन्याय वर्गात दुसरा नाही.

ग्रंथपालांनीही स्वतःच्या तयारीसाठी वेळ मागून घ्यावा. स्वयम व्यासपीठावर एआयचे मोफत अभ्यासक्रम आहेत, इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टमधून संशोधनपत्रिका मिळतात. पण सगळ्यात चांगली तयारी म्हणजे रोज आपल्या गावाबद्दल एक प्रश्न विचारून उत्तर तपासणं.

वैयक्तिक माहितीबद्दल थोडक्यात, पण कडकपणे. आधार, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे लॉगिन, बँकेचं पासबुक, मैत्रिणीचा फोटो, यांतलं काहीही चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही. अर्ज लिहून घ्यायचा तर नावाच्या जागी 'अबक' लिहायचं. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ती बालकं ठरतात. त्यांच्या नावाने खाती उघडून घेऊ नका. त्यांच्यासाठी छापलेले कागदच वापरा.

जे यंत्रात नाही

कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची मुलं आता महाविद्यालयात येऊ लागली आहेत. कातकरी समाजाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वर्गात आणण्याआधी ग्रंथपालाने ते स्वतः वाचावं. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये या समाजाबद्दल अत्यंत तुच्छतेने लिहिलेलं आहे. ते खंड आज इंटरनेटवर खुले आहेत आणि यंत्राच्या वाचनात तेही येतात. भाषा आज सभ्य झालेली असते, दृष्टी तीच राहू शकते. उत्तरात हा समाज फक्त दारिद्र्य, स्थलांतर आणि वीटभट्टी यांपुरताच दिसतो का, रानभाज्या, औषधी वनस्पती, मासेमारी यांचं त्यांचं ज्ञान कुठे आहे, हे विचारावं. वर्गात कातकरी विद्यार्थी असेल, तर त्याला उभं करून "तू सांग" असं म्हणू नये. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. पण यंत्राचं उत्तर म्हणजे आधी कोणी कोणाबद्दल लिहिलं याचा हिशेब आहे, हे कळायला याहून थेट वाट नाही.

इर्शाळवाडीचंही भान ठेवावं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळल्यानंतर मृतांचा आकडा रोज बदलत गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. पहिल्या दिवशीची बातमी आणि शेवटच्या दिवशीची बातमी दोन्ही इंटरनेटवर आहेत, आणि यंत्र त्यांतली कोणतीही उचलू शकतं. बातमीची तारीख का पाहायची, हे शिकवायला हे उदाहरण घेता येईल, मात्र वर्गात त्या भागातलं, त्या घरांतलं कोणी आहे का, हे आधी पाहून.

या सगळ्या तासांतून चुकांची एक यादी तयार होते. ती टाकून देऊ नका. ग्रंथालयाच्या काउंटरवर एक जाड वही ठेवा, तीत तारीख, साधन, प्रश्न, चुकीचं विधान आणि योग्य माहिती, तिच्या पुराव्यासह. उंबरखिंड चावणीजवळ आहे, २ फेब्रुवारी १६६१ ला तिथे कारतलबखानाचा पराभव झाला, खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ चं, अशा नोंदी पुराव्यासकट वाढत गेल्या, की समुदाय सहभागाच्या दोन श्रेयांकांसाठी मुलांना तयार काम मिळतं. पुरावा भक्कम असेल ती नोंद मराठी विकिपीडियावर संदर्भासह घालावी. 'कर्जत' नावाची ठिकाणं वेगळी दाखवणारी नि:संदिग्धीकरण पानं आणि दुवे तिथे नीट आहेत का, हेही तपासावं. गावागावांतली 'क' आणि 'ड' वर्गाची सार्वजनिक वाचनालयं या कामात सोबत घेता येतील. त्यांच्याकडे स्मरणिका, ग्रामपंचायतींची पत्रकं, जुने दिवाळी अंक पडून असतात, त्यांची निदान यादी तरी मुलांनी करावी. जूनमध्ये नवी तुकडी आली, की तिच्या पहिल्या तासाचे कागद या वहीतून काढता येतील. गेल्या वर्षीचे प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारून कोणती चूक सुधारली, कोणती टिकली आणि कोणती नवी आली, याची नोंद शेजारच्या रकान्यात करायची.